मायकलच्या पोथ्या

2025 साली गणपती 27 ऑगस्टला बसले, त्यामुळे तिसऱ्याच दिवशी मायकल जॅक्सनचा वाढदिवस आला. माझा मावसभाऊ, आमचा दादा, गिरगावात चाळीत राहतो. त्याच्याकडे पाच दिवसांचा गणपती असतो आणि दर 29 ऑगस्टला मायकलही असतो. त्या वर्षी दोघं एकाच खोलीत आले. वहिनीने आधीच बजावून ठेवलं होतं, "आरती होईपर्यंत त्याचं नाव काढायचं नाही." त्यामुळे 'घालीन लोटांगण' नेहमीपेक्षा जरा चढ्या लयीत झालं. मंत्रपुष्पांजली संपली, खिरापत वाटून झाली, आणि हाताला लागलेलं खोबरं झटकत दादाने कपाटातून पुस्तकं काढली.

आमची मंडळी मोजून चार. दादा, त्याचे शाळेपासूनचे मित्र मास्तर (रात्रशाळेत गणित शिकवतात), मी, आणि गेली दोन-तीन वर्षं दादाची लेक. कार्यक्रम एकच: मायकलवरचं सगळ्यात चांगलं पुस्तक कोणतं आणि सगळ्यात टुकार कोणतं. गाणी नंतर लागतात. दरवर्षी तेच काय भांडता, असं लोक विचारतात. पारायणाला बसलेल्याला कुणी विचारत नाही, पुन्हा तेच का म्हणून.

मास्तरांचं ठरलेलं असतं. 'मूनवॉक', 1988 सालचं, मायकलचं स्वतःचं आत्मचरित्र. त्यांच्या प्रतीला कॅलेंडरच्या पानाचं कव्हर आहे, शाळेच्या पुस्तकांना घालतात तसं, आणि वर वळणदार अक्षरात मास्तरांचं नाव. पुस्तकाच्या घराण्याचाही त्यांना अभिमान. ते संपादित केलं जॅकलिन केनेडी ओनासिस यांनी, म्हणजे अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या पत्नीने, आणि अर्पण केलंय नर्तक फ्रेड अस्टेअरला. "तालमीत चुकलं की बाप मारायचा, हे त्याने स्वतः लिहिलंय," मास्तर म्हणतात. "दुसरा कोण सांगणार? ज्याचं जळतं त्यालाच कळतं."

"आणि नाकाचं? दोनदाच ऑपरेशन झालं म्हणतो," दादा.

"1988 पर्यंत दोनदा," मास्तर. गणिताचा माणूस हा असा.

दादाचं म्हणणं, आत्मचरित्र म्हणजे पाहुणे यायच्या आधी आवरलेलं घर. पलंगाखाली काय सारलंय ते पाहुण्याने बघायचं नाही. त्याचं लाडकं पुस्तक म्हणजे जे. रँडी ताराबोरेली याने लिहिलेलं चरित्र. हा पत्रकार जॅक्सन भावंडांना पोरवयापासून ओळखणारा. पुस्तक 1991 मध्ये आलं आणि मायकल गेल्यावर, 2009 मध्ये, आणखी फुगून आलं. दादाकडे दोन्ही आवृत्त्या आहेत. दुसरी तो पाटा उचलावा तशी दोन्ही हातांनी उचलतो. त्यातली ऑक्सिजनच्या पेटीची गोष्ट त्याने आम्हाला दहा वेळा तरी सांगितली असेल. 1986 मध्ये वर्तमानपत्रांत फोटो आला, मायकल काचेच्या पेटीत आडवा. दीडशे वर्षं जगण्यासाठी हा म्हणे तिच्यात झोपतो! ताराबोरेली लिहितो की हे पिल्लू मायकलच्याच गोटातून सुटलं होतं. गंमत म्हणून सोडलं आणि मग ते जन्मभर मागे लागलं. हे सांगताना दादाचा आवाज खाली येतो, चाळीतलीच कुणाची भानगड सांगत असल्यासारखा.

या पुस्तकांच्या बाबतीत मला एक खोड आहे. नवीन पुस्तक हातात आलं की मी ते शेवटून उघडतो आणि सूचीत आधी 'बॉम्बे' शोधतो, मग 'इंडिया'. 'मूनवॉक'मध्ये ते सापडणं शक्यच नाही, तो इथे आला त्यानंतर आठ वर्षांनी. ताराबोरेलीची पहिली आवृत्तीही त्याआधीची. कळतं, तरी बघतो. एकदा फाउंटनजवळच्या फुटपाथवर एक जाडजूड चरित्र स्वस्तात मिळालं. विकणाऱ्याने वरचं प्लॅस्टिक काही काढू दिलं नाही. घरी येऊन उघडलं तर सूचीच नाही, तिच्या जागी मधलीच सोळा पानं पुन्हा शिवलेली. लिसा मरी प्रेस्लीशी मायकलचं लग्न मी लागोपाठ दोनदा वाचलं.

मुंबई का शोधतो, तर 1 नोव्हेंबर 1996, शुक्रवार. दिवाळी आठवड्यावर आलेली. मी दहावीत होतो आणि आम्ही तेव्हा अंधेरीला डी. एन. नगरमध्ये राहायचो. अंधेरीच्या क्रीडासंकुलात मायकलचा कार्यक्रम होता, शिव उद्योग सेनेसाठी राज ठाकरे यांनी घडवून आणलेला. विमानतळावर सोनाली बेंद्रेने मराठमोळ्या वेषात त्याचं स्वागत केलं, मातोश्रीवर जाऊन तो बाळासाहेबांना भेटला, हे सगळ्यांना पाठ आहे. सरकारने कार्यक्रमाचा करमणूक कर माफ केला म्हणून ग्राहक पंचायत कोर्टात गेली, आणि तो खटला मायकलपेक्षा जास्त जगला.

दादा म्हणतो, तो आत होता. तिकिटाचा तुकडा मात्र कधी दाखवत नाही. तसे मुंबईत माझ्या वयाचे जेवढे भेटतात तेवढे सगळे त्या रात्री आतच होते. ते खरं धरलं तर मैदान वर्सोव्याच्या समुद्रापर्यंत न्यावं लागेल.

मी आत नव्हतो. आम्ही बिल्डिंगची सगळी पोरं गच्चीवर होतो. दिसत काहीच नव्हतं. आकाशात त्या दिशेला एक पांढुरका उजेड, बस. आवाज वाऱ्यावर यायचा आणि मधेच कुणीतरी बोळा घातल्यासारखा बंद व्हायचा. मग एकाला शोध लागला की पाण्याच्या टाकीतून बाहेर येणाऱ्या लोखंडी पाइपाला कान लावला तर खालचे ठोके येतात. शब्द नाहीत, सूर नाही, नुसते ठोके. आम्ही पाळ्या लावल्या. माझी पाळी आली तेव्हा 'बिली जीन' चालू होतं, असं मी आजवर सांगत आलोय. पाइप गार होता आणि गंजाचा वास येत होता, एवढं मात्र शपथेवर सांगेन.

असो. टुकार पुस्तकांवर आमचं पटकन एकमत होतं. 25 जून 2009 नंतर, चितेची राख निवायच्या आत म्हणतात तशी, जी बाजारात आली ती. नावं घेत नाही, घेण्यासारखी नाहीत. खूण सांगतो: मायकल खोलीत एकटा आहे, दार आतून बंद आहे, आणि तो मनात काय म्हणाला ते लेखकाला अवतरणचिन्हांसकट माहीत आहे. मास्तर म्हणतात ही पुस्तकं रद्दीतही देऊ नयेत, त्यात भेळ खाणाऱ्याला बाधेल.

आता दादाचं कपाट बघा. नावाजलेली पुस्तकं कोरी करकरीत, कणा ताठ. टुकार पुस्तकांचा कणा तीन-तीन ठिकाणी मोडलेला, पानांवर चहाचे गोल, एका ठिकाणी शेवेचा तेलकट ठिपका, आणि तोही नेमका जिथे डॉक्टर येतो त्या पानावर. मी तरी कुठला सोवळा! असल्याच एका पुस्तकाचा मी बोरिवली लोकलमध्ये दोन दिवसांत फडशा पाडला, मुखपृष्ठ आत दुमडून. समोरच्या बाई टक लावून बघत होत्या. त्यांनी बहुतेक वेगळंच काही समजलं असावं.

एक पुस्तक मात्र दोन्ही याद्यांत असतं. 'डान्सिंग द ड्रीम', 1992, मायकलच्या कविता आणि स्फुटं, प्रस्तावना एलिझाबेथ टेलर यांची. मास्तर ते चांगल्यांत घालतात, दादा टुकारांत. "पृथ्वी, हत्ती, देवदूत! दिवाळी अंकाकडून साभार परत आलं असतं," दादा. मास्तर थोडा वेळ विचार करतात आणि म्हणतात, "फोटो बघ." दरवर्षी हेच आणि एवढंच.

त्या वर्षी पुतणीने मधेच तोंड उघडलं. ती मांडी घालून मोबाइलवर काहीतरी बघत बसली होती. आम्हाला वाटलं कंटाळली. ती म्हणाली, "बाबा, तुमच्या या ढिगात त्या मुलांच्या बाजूने लिहिलेलं एक तरी पुस्तक आहे का?"

मास्तर लगेच म्हणाले, 1993 पासून मुलांच्या लैंगिक शोषणाचे आरोप झाले हे खरं, पण 2005 मध्ये खटला चालला आणि ज्युरीने त्याला सगळ्या आरोपांतून मुक्त केलं.

"काका, मी कोर्टाचं नाही, कपाटाचं विचारतेय," ती म्हणाली. "2019 मध्ये ती 'लीव्हिंग नेव्हरलँड' डॉक्युमेंटरी आली. आरोप करणारी दोन माणसं चार तास बोलत होती. तुमच्यापैकी किती जणांनी पूर्ण बघितली?"

दादा उठला आणि समईत तेल घालून आला. समईत तेल होतं. मी मोदकाची कळी मोडत बसलो. मी ती डॉक्युमेंटरी पहिल्या भागानंतर बंद केली होती आणि तसं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. तिथेही सांगितलं नाही.

तिने आणलेलं पुस्तक मार्गो जेफरसन यांचं होतं, 2006 सालचं, पातळसं, दादाच्या पाट्याशेजारी चटणीच्या वाटीएवढं. जेफरसन अमेरिकेतल्या मोठ्या समीक्षक, पुलित्झर मिळालेल्या. त्या सुरुवातीलाच बार्नम आणतात. एकोणिसाव्या शतकात हा माणूस तिकीट लावून जगावेगळी माणसं दाखवायचा. मायकलला त्या रांगेत उभं करून त्या विचारतात, तो काय दाखवत होता आणि तुम्ही काय बघत होतात? मी ते नंतर मागून नेलं. वाचताना पुन्हा पुन्हा आपल्याकडेच बोट वळतं. परत अजून दिलेलं नाही.

माझी पाळी शेवटी आली. माझं पुस्तक आहे ब्रूस स्वीडिन यांचं, 2009 सालचं. हे मायकलच्या 'थ्रिलर' अल्बमचे ध्वनिमुद्रक. नाक नाही, लग्न नाही, पेटी नाही. मायक्रोफोन कुठला, कुठे ठेवला, किती अंतरावर, असलंच. दादाच्या मते हे पुस्तक नसून मॅन्युअल आहे. मला ते का आवडतं हे मी बरीच वर्षं नीट सांगू शकत नव्हतो. त्या रात्री सुचलं: मी मायकल पाहिलेला नाही, ऐकलाय, तोही पाइपातून. बाकी सगळी पुस्तकं बघणाऱ्यांची आहेत.

स्वीडिन यांची हकीकत अशी. मायकल दिवे मालवून गायचा, आणि गाता गाता नाचायचा. त्याच्या पायाखाली लाकडी फळी असायची. टिचक्या, पावलं, श्वास सगळं टेपवर यायचं. दुसऱ्या कुणीही ते पुसून काढलं असतं, यांनी ठेवलं. 'बिली जीन'चं मिक्सिंग त्यांनी 91 वेळा केलं, आणि शेवटी रेकॉर्डवर गेलं ते दुसरं.

"करंज्यांचं तसंच असतं," वहिनी आतून म्हणाली. सगळ्या वादात तिने घातलेलं ते पहिलं वाक्य. "पहिला घाणा बिघडतो, दुसरा जमतो, पुढे नुसतं तेल जळतं."

आणि त्याच गाण्यात मागून येणारी एक ओळ मायकलने पुठ्ठ्याच्या नळीतून गायली आहे. सहा फुटी नळी. आवाज लांबून, बोगद्यातून आल्यासारखा यावा म्हणून.

"सहा फुटी?" मास्तर म्हणाले, आणि आम्ही चौघांनी एकदमच मखराकडे पाहिलं.

थर्माकोलवर बंदी आल्यापासून दादा मखर पुठ्ठ्याचं करतो. खांबांसाठी कापडाच्या ताग्यांच्या नळ्या मंगळदास मार्केटमधून आणतो. चार लागतात, त्या वर्षी पाच मिळाल्या होत्या. पाचवी गॅलरीत, दोरीवरच्या ओल्या टॉवेलाखाली उभी होती. सहा नाही, पाच फूट भरली असेल. मास्तरांनी एक टोक तोंडाला लावलं, दादाने मध्ये आधार दिला, मी दुसऱ्या टोकाला कान लावला. मास्तरांना सूर नाही. शब्दही त्यांना अर्धेच येतात. पण नळीतून जे आलं त्याने माझ्या मानेवरचे केस उभे राहिले. वहिनी म्हणाली, "अहो, हळू, चाळ आहे ही."

तोवर खालच्या मजल्यावरच्या आजी जिना चढून आल्याच होत्या, हातात वाटी घेऊन. "आरती परत का रे सुरू केलीत? माझी खिरापत राहिली."

वहिनीने वाटी भरून दिली. पुतणी म्हणाली, "आजी, इकडे या. कान लावा."

आजींनी कानातलं यंत्र काढून वहिनीच्या हातात दिलं, पदर सावरला, आणि नळीला कान लावला.

"मोठ्याने म्हण रे," त्या म्हणाल्या.