मेंढरं भादरायचं मशीन आणि सोलापूरचं ते काऊंटर

मशीन कुणीही विकतं. त्याला धार कोण लावून देणार, हे विकताना कुणी सांगत नाही. आपण विचारलंच तर "आपलं सर्व्हिस सेंटर आहे ना सोलापुरात" म्हणून मोकळे होतात. त्या सर्व्हिस सेंटरच्या काऊंटरपायी माझा जवळजवळ अख्खा मे महिना गेला, म्हणून हे लिहायला बसलोय. ज्यांना मशीन घ्यायचंय त्यांनी वाचा. ज्यांच्याकडं अजून कातर चालवणारी माणसं टिकून आहेत त्यांनी नाही वाचलं तरी चालेल, ते सुखी आहेत.

आमचं गाव सांगोला तालुक्यात. मेंढरं शंभराच्या आसपास, बहुतेक दख्खनी, थोडी माडग्याळी. आमच्याकडं भादरणी वर्षातून दोनदा, एक मृगाच्या आधी आणि दुसरी दिवाळीच्या अलीकडं-पलीकडं. पूर्वी कातरणारे वाड्यावर यायचे, आपापली कातर आणि धार लावायचा दगड घेऊन. मेंढराचे पाय बांधायचे, कुशीवर पाडायचं आणि बोलत बोलत कातरायचं. एका मेंढराला पंधरा-वीस मिनिटं. आता ती माणसं म्हातारी झाली. त्यांची पोरं कुणी उसाच्या ट्रॅक्टरवर, कुणी पुण्यात कंपनीत. जे उरलेत त्यांना मे महिन्यात सगळीकडून बोलावणं. "येत्या सोमवारी येतो" म्हणाले की कुठल्या सोमवारी ते विचारायचं नसतं.

लोकरीला भाव नाही तर भादरता कशाला, असं शहरातले पाहुणे विचारतात. लोकर तशीच ठेवली तर पावसात भिजून जड होते, आत गोचीड माजतात, कुसळं कातडीत रुतून जखमा होतात आणि पावसाळ्यात त्या जखमांत किडे पडतात. भादरायचं ते मेंढरासाठी, लोकर ही वरकड.

तर मशीन घेतलं. त्यात सांगण्यासारखं काही नाही, पैसे दिले आणि खोकं घरी आलं. हातात धरायचं, सिंगल फेजवर चालणारं. तोंडाला खाली 13 दातांची फणी, ती जागची हलत नाही. तिच्यावर 4 दातांचं कटर, ते डावी-उजवीकडं सपासप फिरतं. लोकर फणीच्या दातांत शिरते आणि कटर तिला तिथंच कापतं. वर एक नट असतो, त्यानं कटर फणीवर किती दाबून बसवायचं ते ठरतं. आपल्या दख्खनीचं एक बरं आहे, पोट, पाय आणि तोंड उघडंच असतं, लोकर काय ती पाठीवर आणि बगलेला. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत आमचा असा वेग लागला की आई म्हणाली, "ही भादरणी न्हाई रं, ही सलूनातली हजामत झाली."

दुसऱ्या दिवशी मशीन कापेना, ओढायला लागलं. मेंढरू उसळी मारायला लागलं. फणी हाताला चटका बसेल इतकी तापली. आमची मेंढरं माळावर आणि रानात बसतात, लोकरीत माती-रेती भरलेली असते आणि तीच धार खाते. मशीनबरोबर एक फणी नि दोन कटर आले होते, वर एक फणी नि एक कटर मी जादा घेतलं होतं. दोन्ही फण्यांची धार गेली. निम्मी मेंढरं उघडी, निम्मी लोकरीत, असा कळप मागं ठेवून मी एक फणी नि एक कटर घेऊन सोलापूरला गेलो.

काऊंटरवर पोरगं सभ्य होतं. फणी हातात घेतली, उलटी केली, अंगठा फिरवला.

"हे कंपनीला पाठवावं लागतंय, दादा."

"मग सर्व्हिस सेंटर कशाचं?"

"पंप, फवारणी यंत्र, ब्रश कटर. ह्याचं काम इथं होत नाही. आठ-दहा दिवस धरा."

पावती मिळाली. तिच्यावर लिहिलं होतं, "ब्लेड, 2 नग, धार." तारीख नाही, सही वाचता येत नाही. आठ-दहा दिवस धरले. फोन केला तर साहेब जेवायला गेलेले. दुपारी केला तर साहेब बँकेत. संध्याकाळी पोरगं म्हणालं, कुरिअर अजून लागलेलं नाही, एका ब्लेडसाठी पार्सल परवडत नाही, अजून दोन-चार जणांचं जमलं की एकदम पाठवू. अख्ख्या जिल्ह्यात मेंढरं भादरायचं मशीन असलेली माणसं किती, आणि त्यांची धार एकाच आठवड्यात जाणार कशी, हे मी त्याला विचारलं. तो म्हणाला, साहेबांशी बोला.

मग एकदा त्यांचाच फोन आला, "आलंय, घेऊन जा." सांगोल्यावरून मंगळवेढा करत एसटीनं सोलापूर, स्टँडवरून रिक्षा. काऊंटरवर एक नवं कोरं पुडकं ठेवलेलं. उघडलं तर आत म्हशी भादरायच्या मशीनचं ब्लेड. मी माझं जुनं कटर खिशात ठेवलं होतं, ते काढून शेजारी ठेवलं. म्हशीच्या ब्लेडचे दात बारीक आणि एकमेकांना चिकटून, मोजायला बसलं तर डोळे दुखतील. त्यात केस शिरतो, लोकर शिरत नाही, वरच्या वर सरकते. भोकंसुद्धा वेगळ्या जागी. पोरगं दोन्हीकडं बघून म्हणालं, "बसवून तर बघा, थोडं ग्राइंड केलं की बसंल."

नवीन सेट मागितला. स्टॉकला नव्हता. ऑर्डर टाकायची तर आगाऊ पैसे आणि एक फॉर्म. फॉर्म इंग्रजीत, त्यात मशीनचा सिरियल नंबर हवा. "नंबर खोक्यावर असतोय, खोकं घेऊन या." खोकं घरी होतं, पण त्यात कोंबडी अंड्यांवर बसलेली. आईनं कोंबडीला हात लावू दिला नाही. पुढं मशीन पुसताना दिसलं, तोच नंबर मशीनच्या पोटाखालच्या पत्र्यावर कोरलेला होता. विकणाऱ्याला माहीत नाही, सर्व्हिसवाल्याला माहीत नाही. तुम्ही मशीन घेतलं की त्याच दिवशी त्या पत्र्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा.

तोपर्यंत मे संपत आलेला. वारा फिरला होता, दुपारी ढग यायला लागले होते. ओलं मेंढरू भादरता येत नाही आणि ओली लोकर पोत्यात भरली की कुबटते. उघड्या पाठीवर गार वाऱ्याचा पाऊस पडला तर मेंढरं गारठून दगावतात, म्हणून भादरल्यावर चार दिवस तरी कोरडे मिळायला हवेत. हे सगळं मी काऊंटरवर एकदा मोठ्यानं सांगितलं. साहेब नावाची व्यक्ती तेव्हा पहिल्यांदा दिसली. ती म्हणाली, "एवढी घाई असंल तर बाहेरून लावून घ्या. एमआयडीसीत सरफेस ग्राइंडरवर कुणीपण करून देतंय." हे पहिल्या दिवशी सांगायला काय झालं होतं, ते त्यांनाच ठाऊक.

साहेबांच्या सांगण्यावरून अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत गेलो. दुसरी फणी आणि तिचं कटर सरफेस ग्राइंडरवर, म्हणजे लोखंड सपाट घासायच्या मशीनवर चढवलं, पाणी सोडलं, बघता बघता तोंड दिसेल एवढी चकचकीत धार. घरी येऊन मेंढरू धरलं. एक बोट लोकर कापली आणि पुढं नुसती ओढाओढ. लोकर फणी नि कटरच्या मधे शिरून गुंडाळायला लागली. नट आवळला तर मशीन तापलं, सैल केला तर कापेना.

उलगडा झाला तो दुसऱ्याच माणसाकडं. त्याच एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यांचे सुटे भाग करून देणारे एक वयस्कर लेथवाले आहेत. घरी तेलुगू, आमच्याशी सोलापुरी मराठी. मी "अण्णा, हे बघता का?" म्हणून दोन्ही कटर पुढं ठेवले, सरफेस ग्राइंडरवर चढवलेलं आणि खिशातलं जुनं, कंपनीच्याच धारेचं. अण्णांनी स्टीलची पट्टी काढली, जुन्या कटरवर आडवी, कडेवर उभी धरली आणि ट्यूबलाईटकडं केली. पट्टीच्या खाली मधोमध उजेडाची बारीक रेघ दिसत होती, दोन्ही कडांना नाही. मग चकचकीतवर धरली. कुठंच उजेड नाही.

"मधी पोकळ पायजे बे हे. तू तर सपाट करून आणलास."

हाच सगळा घोळ होता. फणी आणि कटर कंपनीतून येतात ते किंचित खोलगट घासलेले. त्यामुळं दातांची टोकं एकमेकांवर घट्ट बसतात आणि कात्रीसारखं कापतं. सपाट केलं की दाब मधेच पडतो आणि टोकाला फट राहते. म्हणून ह्यांची धार सरफेस ग्राइंडरवर लागत नाही. त्यासाठी फिरणारा गोल तवा लागतो, ज्याचं तोंड मधून कडेकडं किंचित उतरतं केलेलं असतं, आणि त्यावर एमरी पेपर चिकटवतात. त्या उतारामुळं खोलगटपणा आपोआप येतो. एवढं ज्ञान ज्या काऊंटरवर असायला हवं होतं तिथं मला म्हशीचं ब्लेड देत होते.

अण्णांनी लेथवर तवा तासून दिला, पोलादी, फूटभर व्यासाचा. उतार इतका कमी की डोळ्याला दिसत नाही, पट्टी धरली तरच कळतो. मिनिटाला 2800 च्या आसपास फिरणारी मोटर जुन्या बाजारात मिळाली. फणी धरायला लाकडी दांड्यावर चुंबक. धार लावताना जोर द्यायचा नाही, टेकवायची आणि डावी-उजवीकडं हलवत ठेवायची, आणि लगेच पाण्यात बुडवायची. पातं निळं पडलं की त्याचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरलं, मग ते फेकायचंच. ठिणग्या उडतात, चष्मा घातल्याशिवाय मोटर सुरू करू नका. तवा डुगडुगत असेल तर तिथंच थांबा, एवढ्या वेगाला तो निसटला तर काही खरं नाही.

मृग निघायच्या आत उरलेली मेंढरं झाली. मशीन पुन्हा पहिल्या दिवसासारखं सरसर चाललं आणि खरं सांगतो, मला भारी वाटलं. आषाढात काऊंटरवरून फोन आला, "तुमचं ब्लेड आलंय, येताना दोनशे रुपये घेऊन या." मी गेलो नाही.

आता आठवेल तसं सांगतो. आदल्या संध्याकाळपासून मेंढरांना चारा देऊ नका, भरल्या पोटी कुशीवर पाडलं की धापा टाकतात. शक्य असेल तर दोन-तीन दिवस आधी कॅनॉलला किंवा ओढ्याला धुऊन घ्या आणि खडखडीत वाळू द्या. निम्मी माती तिथंच जाते आणि धार दुप्पट टिकते. विण्याला आलेल्या मेंढीला हात लावू नका. फणीला दर एक-दोन मेंढरांनी तेलाचे थेंब, आणि तापली की डिझेलमध्ये बुडवून पुसायची. नट आधी सैल ठेवून कापायला लागेपर्यंतच आवळायचा, त्यापुढं नाही. कटरची टोकं फणीच्या टोकांच्या जरा मागं राहिली पाहिजेत, पुढं आली तर कातडं फाटतं. कातडं ताणून धरायचं, सुरकुती पडली की तिथंच कापतं. कापलंच तर लगेच हळद-तेल भरा. गोचिडाच्या औषधाचं पाणी त्याच दिवशी मारू नका, जखमा सुकू द्या.

विजेचं राहिलंच. रानातली लाईट आठवड्याला बदलते, कधी दिवसा, कधी रात्री. आम्ही मांडववाल्याकडून छोटा जनरेटर भाड्यानं घेतो. मे महिन्यात लग्नसराई असते, तेव्हा आधीच सांगून ठेवा.

सरकारच्या महामेष योजनेतून 20 मेंढ्या नि 1 नर असा गट मिळालेली पोरं हल्ली मशीनचं विचारायला येतात. माझं मत, वीस मेंढरांसाठी मशीन घेऊ नका. चार-पाच घरांनी मिळून घ्या, आणि फण्या कमी, कटर जास्त घ्या, कटर आधी झिजतं.

लोकरीचं म्हणाल तर काळी, पांढरी, करडी वेगळी ठेवा, ताडपत्रीवरच भादरा. हुलजंतीला महालिंगरायाच्या यात्रेत दिवाळीला भंडाऱ्याबरोबर लोकर उधळतात, तेवढी चांगली आम्ही बाजूला काढतो. घोंगड्या विणणारे सणगर आले की पहिल्यांदा जावळ मागतात, कोकराची पहिली मऊ लोकर. मशीनची लोकर त्यांनी हातात घेऊन झटकली तर बारीक तुकडे खाली पडले. एकाच जागी दोनदा मशीन फिरलं की असे तुकडे होतात आणि ते सूत कातताना गळतात. म्हणून मशीन एकदाच आणि कातडीला टेकवून फिरवा. जावळ मात्र आमच्याकडं अजून वडील कातरीनंच काढतात.

तवा आता गोठ्याच्या वळचणीला पक्का बसवलाय. सांगोला-मंगळवेढा भागातल्या कुणाला धार लावून हवी असेल तर या. फणी धुऊन आणा, मातीसकट आणू नका.