होकाराच्या सीनमधली आई

सिनेमा प्रेमाचा आहे आणि घरच्यांचा विरोध आहे म्हटलं की होकाराचा सीन येणारच, हे आपल्याला सुरुवातीपासून माहीत असतं. बाप दोन तास ताठ उभा असतो आणि शेवटच्या दहा मिनिटांत त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हलतं, म्युझिक चढतं आणि तो हो म्हणतो. मी हे सीन वर्षानुवर्षं रडत बघितलेत, अजूनही रडते. पण हल्ली एक सवय लागलीये. बापाचा होकार चालू असताना मी आई कुठे उभी आहे ते शोधते. बहुतेक वेळा ती मागे कुठेतरी असते, डोळे पुसत. आणि मला आता मनापासून वाटतं की तो होकार तिनेच घडवून आणलेला असतो आणि तिला स्वतःला मात्र कुणीच विचारलेलं नसतं, की बाई गं तुला चालतंय का.

माझ्या लग्नाला बाबांचा विरोध होता. आरडाओरडा वगैरे काही नाही, पण अकरा महिने त्यांनी त्याचं नाव म्हणून घेतलं नाही, बोलायची वेळ आलीच तर "तो मुलगा" एवढंच. मग एके रात्री पत्रिकेचं प्रूफ जेवणाच्या टेबलावर पडलेलं होतं, त्यांच्या चष्म्याच्या शेजारी. सकाळी उठून बघते तर त्याच्या नावातली पहिली वेलांटी लाल पेनाने खोडून दुसरी केलेली. बाबांना शुद्धलेखनाची चूक सहनच होत नाही, ते वर्तमानपत्रसुद्धा पेन घेऊन वाचतात. अकरा महिन्यांत त्यांनी पहिल्यांदा त्याचं नाव लिहिलं होतं, आणि ते बरोबर लिहिलं होतं. मी ते प्रूफ हातात घेऊन उभ्या उभ्या रडले. मग ही गोष्ट मी कितीतरी जणांना सांगितली, दरवेळी बाबांची गोष्ट म्हणूनच.

तर सिनेमांबद्दल. १९६७ चा 'गेस हू'ज कमिंग टू डिनर' मी तीन वेळा बघितलाय. स्टॅन्ली क्रेमरचा सिनेमा, सगळी गोष्ट एका दिवसाची. सॅन फ्रान्सिस्कोतल्या घरी तेवीस वर्षांची गोरी मुलगी येते, सोबत सदतीस वर्षांचा काळा डॉक्टर, ओळख होऊन दहा दिवस झालेत आणि लग्न ठरवून टाकलंय. डॉक्टर मुलीला न सांगता तिच्या आईवडिलांना सांगतो की तुमची मनापासून संमती असेल तरच मी हे लग्न करीन, आणि उत्तर आजच हवं. बाप पेपरचा मालक, आयुष्यभर समतेच्या बाजूने लिहिलेलं, आणि आता प्रश्न स्वतःच्या घरात आल्यावर गप्प. शेवटी तो सगळ्यांना एका खोलीत बसवतो आणि बोलतो, खूप वेळ बोलतो, आणि त्याच्या मागे बसलेल्या बायकोचे डोळे भरून आलेले दिसतात.

तो बाप म्हणजे स्पेन्सर ट्रेसी आणि ती आई कॅथरीन हेपबर्न. पडद्याबाहेर पंचवीसेक वर्षं ही दोघं एकमेकांची होती पण त्यांचं लग्न कधीच झालं नाही, ट्रेसी शेवटपर्यंत आपल्या बायकोचा कायदेशीर नवराच राहिला. तेव्हा तो इतका आजारी होता की त्याचा विमा उतरवायला कुणी तयार नव्हतं, म्हणून क्रेमर आणि हेपबर्नने स्वतःचं मानधन हमी म्हणून ठेवलं. त्याचं काम संपलं आणि १७ दिवसांनी, १० जून १९६७ ला तो गेला. आणि १२ जूनला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने 'लव्हिंग विरुद्ध व्हर्जिनिया' खटल्याचा निकाल दिला, तोपर्यंत तिथल्या १६ राज्यांमध्ये गोऱ्या-काळ्यांचं लग्न कायद्यानेच बंद होतं. म्हणजे ज्या होकारासाठी तो पडद्यावर घाम गाळत होता तो अख्ख्या देशाने त्याच्या मरणानंतर दोन दिवसांनी दिला. हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ नुसती बसून होते.

पण त्या भाषणाच्या आधी काय होतं ते बघा. डॉक्टरचे आईवडील पण आलेले असतात आणि त्याच्या वडिलांचाही नकारच असतो. पोस्टमन माणूस, पाठीवर टपालाची थैली घेऊन आयुष्यभर मैलोन्‌मैल चाललेला, आणि तो मुलाला ते सगळं मोजून दाखवतो. मुलगा म्हणतो, तुम्ही केलंत ते करणं तुमचं कामच होतं, मला जन्म दिलात तेव्हाच ते तुमच्यावर आलं, त्याचं कर्ज माझ्यावर नाही, उद्या माझं मूल झालं की त्याचं देणं माझ्यावर येईल. आईबाप आणि मुलांमधल्या हिशोबाबद्दल इतकं स्वच्छ बोललेलं मी दुसरीकडे ऐकलं नाहीये. आणि मग डॉक्टरची आई, बीआ रिचर्ड्स, शांत आवाजाची बाई, ती एकटी मुलीच्या बापापाशी जाते आणि त्याला सांगते की पुरुष म्हातारे झाले की एखाद्या बाईवर जीव जडणं काय असतं हेच विसरून जातात, तुम्ही विसरलात आणि माझा नवराही विसरलाय. बस. ती निघून जाते आणि हा विचार करत एकटा उभा राहतो आणि तिथून तो फिरतो. गाजलं ते ट्रेसीचं भाषण. पण ते बीआ रिचर्ड्सच्या दोन मिनिटांतून आलेलं आहे. तिला त्या रोलसाठी ऑस्करचं नॉमिनेशन मिळालं होतं, तरी सिनेमाचं नाव काढलं की लोकांना ती पटकन आठवत नाही याचं मला फार वाईट वाटतं.

आईच नसेल तर काय होतं ते यासुजिरो ओझूच्या 'लेट स्प्रिंग' मध्ये आहे. १९४९ चा जपानी सिनेमा. प्रोफेसर बाप विधुर आहे, सत्तावीस वर्षांची मुलगी नोरिको त्याचं घर बघते, आणि दोघं इतकी सुखात आहेत की तिला लग्न नकोच आहे. इथे बाप लग्नाच्या आड येत नाही, मुलगी बापाला सोडून जायला तयार नाही. आणि आई नाही म्हणून आईचं काम बापाला करावं लागतं, म्हणजे मुलीला घराबाहेर ढकलण्याचं काम. तो खोटं बोलतो. मी दुसरं लग्न करतोय असं सांगतो, ती दुखावते, रागावते आणि शेवटी लग्नाला तयार होते. ओझू आपल्याला नवरदेव दाखवतच नाही, लग्नही दाखवत नाही. लग्नानंतर बाप रात्री रिकाम्या घरी येतो, खुर्चीत बसतो आणि सफरचंद सोलायला घेतो. साल एकसलग निघत जाते, लांब होत जाते, मग सुरी थांबते, साल खाली पडते आणि त्याची मान झुकते. रडण्याचा आवाज नाही, काही नाही. पुढचा शॉट समुद्राच्या लाटांचा आणि सिनेमा संपतो. मी हा सीन पॉज करून करून बघितलाय, ती साल तुटते त्या क्षणाला माझ्या पोटात खड्डा पडतो, दरवेळी. ओझू स्वतः आयुष्यभर अविवाहित राहिला, आईसोबत राहिला. आई १९६२ मध्ये गेली आणि पुढच्याच वर्षी, आपल्या साठाव्या वाढदिवशी, तोही गेला.

अँग लीच्या 'द वेडिंग बँक्वेट' मध्ये (१९९३, बर्लिनला गोल्डन बेअर मिळालेला) न्यूयॉर्कमधला तैवानी मुलगा सायमन नावाच्या आपल्या जोडीदारासोबत राहतोय आणि आईवडिलांच्या समाधानासाठी एका मुलीशी दिखाव्याचं लग्न करतो. आईला खरं कळतं, ती रडते आणि म्हणते वडिलांना सांगू नकोस, त्यांना झेपणार नाही. तिकडे वडिलांना आधीच सगळं कळलेलं असतं आणि ते सायमनला सांगतात की हे घरात कुणाला कळू देऊ नकोस. एकाच घरात सगळे एकमेकांना जपण्यासाठी तीच एक गोष्ट एकमेकांपासून लपवतायत. शेवटी एअरपोर्टवर तपासणीसाठी म्हातारा दोन्ही हात वर करतो, तेवढंच.

'दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे' बद्दल नव्याने काय सांगणार, १९९५ च्या ऑक्टोबरमध्ये लागला आणि मुंबईच्या मराठा मंदिरला हजार आठवड्यांच्या वर चालला. सगळ्यांना ट्रेन आठवते, सुटलेला हात आठवतो, बापाचा तो होकार आठवतो. मला फरीदा जलालची लाजो आठवते. सिमरन युरोपहून परत येते, आपण प्रेमात पडलोय असं सांगते, पुढे लाजो तिच्यापाशी बसून आपली गोष्ट सांगते, की लहानपणी ऐकलं होतं मुलगा-मुलगी सारखे, आणि मग भावांच्या शिक्षणासाठी माझी शाळा बंद झाली, आणि तू झालीस तेव्हा मी ठरवलं होतं की तुला असं काही सोडायला लागणार नाही. आणि हे सगळं सांगून झाल्यावर ती त्याच मुलीकडे भीक मागते, की विसर त्याला. इतकं सरळ आणि इतकं क्रूर लिहिलेलं आहे हे! नंतर हीच बाई दागिन्यांची पोटली दोघांच्या हातात देऊन म्हणते, पळून जा. तिने होकार दिला, नवऱ्याच्या विरोधात जाऊन, मागे राहून तो सगळा राग झेलायची तयारी ठेवून. आणि राज म्हणतो नाही, मला तिच्या वडिलांच्या हातून ती हवीये. थिएटरमध्ये टाळ्या पडतात, मीसुद्धा वाजवल्यात. पण आता बघताना माझा जीव लाजोपाशी अडकतो. तिने दिलेला होकार पुरला नाही. आईचा होकार हा होकार म्हणून धरलाच गेला नाही.

आणि मग 'सैराट', २०१६. नागराज मंजुळेने होकाराचा सीन घेतला आणि त्यातूनच आपला श्वास काढून घेतला. आर्ची घर सोडून आलेली, संसार मांडलेला, बाळ मोठं होतंय आणि ती आईला फोन करते, बाळाला फोनवर बोलायला लावते. मग एक दिवस भाऊ आणि बरोबरची माणसं दारात, हातात आईने पाठवलेल्या वस्तू. आपण इतके सिनेमे बघून तयार झालेले प्रेक्षक असतो, आपल्याला वाटतं आला, होकार आला. तिलाही तेच वाटतं. पुढचं सगळ्यांना माहितीये, शेजारणीसोबत बाहेर गेलेलं लेकरू परत येतं, आतलं बघतं आणि रडत बाहेर चालायला लागतं, आवाज पूर्ण बंद, फक्त रक्तातली छोटी पावलं. त्या पावलांबद्दल खूप लिहून आलंय, बरोबरच आहे. मला मात्र ती आईने पाठवलेली पिशवी सोडत नाही. फोनवर मायेने बोललेली, नातवासाठी काहीतरी जमवून पाठवणारी ती बाई, आणि तिच्या मायेच्या आडून मारेकरी घरात शिरले. बाकी सिनेमांत आई दार उघडून देते, इथे तिच्या नावाने दार उघडून घेतलं. ती पुढे कशी जगली असेल हे सिनेमा सांगत नाही आणि मी तो विचार फार वेळ करू शकत नाही.

मागच्या महिन्यात आई माझ्याकडे राहायला आली होती. दुपारी आम्ही दोघीच होतो, टीव्हीवर दिलवाले लागला होता, आणि लाजो दागिने घेऊन आली तेव्हा आई इतकी गप्प झाली की मी आवाज बंद केला. म्हटलं काय गं. ती म्हणाली, "हिने घाई केली." मी हसले नाही कारण ती अगदी मनापासून बोलत होती. म्हणाली, "पोटली द्यायची नसते, माणसाला एखादं काम द्यायचं असतं. तुझ्या बाबांशी मी सहा महिने बोलून बघितलं, रोज रात्री. ऐकून घ्यायचे आणि कुशीवर वळायचे."

मी विचारलं मग.

"मग काय, प्रूफ आलं तेव्हा वेलांटी बरोबर होती. मीच प्रेसवाल्याला सांगून चुकीची करून घेतली आणि चष्म्याशेजारी ठेवली."

सतरा वर्षं मी ही गोष्ट बाबांची म्हणून सांगत होते. मी तिला विचारलं की तुला चालणार होता का गं तो, तुझं काय मत होतं तेव्हा. ती बराच वेळ टीव्हीकडे बघत राहिली, मग म्हणाली की पहिले तीन महिने मलाही नको होता. आणि म्हणाली आवाज वाढव, आता ट्रेन येईल.