आजीची डबी

दिवेघाट चढताना काही जाणवलं नाही. माउलींच्या रथाला जादा बैलजोड्या लावलेल्या, घाटाच्या वळणावळणाला पताका, डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका आणि कानात फक्त टाळ. पुणे ते सासवड हा वारीतला सगळ्यांत मोठा टप्पा, 30 किलोमीटरच्या वर. तो अंगावर आला सासवडला, तंबूत पाय पसरल्यावर. दोन्ही टाचांना रुपयाएवढे फोड.

शेजारच्या मावशींनी पिशवीतून ब्लेड काढलं. "कापून टाकू का गं? मोकळं वाटंल."

"कातडं कापायचं नाही!" मी जवळजवळ ओरडलेच, अगदी आजीच्या सुरात.

आजी गेल्या माघात गेली. 34 वर्षं सरकारी नोकरीत नर्स होती, आधी उपकेंद्रावर, मग प्राथमिक आरोग्य केंद्रात. गावात तिला नावानं कुणी हाक मारत नसे, सगळ्यांची ती नर्सबाई. रात्री-अपरात्री बैलगाडी दारात यायची आणि ती पदर खोचून निघायची. माझे वडील सांगतात, त्यांना लहानपणी वाटायचं की सगळ्यांचीच आई रात्री घराबाहेर जाते.

वारीला निघताना मी तिची एकच वस्तू सोबत घेतली होती, स्टीलची लांबट डबी. काचेच्या सिरिंजा होत्या तेव्हा ती त्या याच डबीत उकळायची. सासवडला मी त्यात सुई टाकली आणि दिंडीच्या चुलीवरून उकळून आणली. पाय साबणाच्या पाण्यानं स्वच्छ धुतले. फोडाच्या कडेला, अगदी खालच्या बाजूला, एकच टोचा. कापसानं हळूहळू दाबत पाणी काढलं, वरचं कातडं तसंच राहू दिलं, मलम, गॉज, पट्टी. काही जण फोडातून दोरा ओवून ठेवतात. आजीला ते मुळीच खपत नसे, "दोऱ्याबरोबर घाण आत जाते" म्हणायची. आणि कातड्याला हात लावला की, "देवानं दिलेली पट्टी आहे ती. तू कोण काढणारी?"

मावशी बघत होत्या. म्हणाल्या काहीच नाहीत, पण ब्लेड पिशवीत गेलं.

ही आजी आयुष्यात एकदाही वारी चालली नाही. आषाढी जवळ आली की तिच्या रजा बंद. पालखी येण्याआधी वाटेवरच्या विहिरींत टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर टाकायची, टँकर आला की पाण्यात क्लोरीन आहे का ते बघायला ओटी टेस्ट करायची. नळीतलं पाणी पिवळं पडलं नाही तर टँकरवाल्याला ती पुढं सोडत नसे, मग तो कितीही घाईत असो. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत तर वारकऱ्यांना पटकीची लस टोचायचं काम होतं. रांग संपायचीच नाही, संध्याकाळी अंगठा आखडून वाकेनासा व्हायचा. लोक वारी म्हटलं की अभंग आणि रिंगण आठवतात. आजी सांगायची ते पाणी, जुलाब आणि पाय.

आजोबा मात्र माळकरी. पेरणी उरकली की दिंडीत. मी चालले ती त्यांचीच दिंडी. नीरा नदीत माउलींच्या पादुकांचं स्नान होऊन पालखी सातारा जिल्ह्यात शिरली की पुढं आजीचा तंबू असायचा. आजोबा तिथं सगळ्यांसारखे रांगेत उभे राहायचे, नंबर आला की बसून पाय पुढं करायचे. आजी मान खाली घालून ते धुवायची, बोटांच्या बेचक्या बघायची, पट्टी बांधायची. दोघंही अवाक्षर बोलत नसत. घरचं, गुरांचं, पोरांचं, काही म्हणजे काही नाही. आणि उठताना, इतर वारकरी वाकायचे तसेच आजोबा वाकून तिच्या पाया पडायचे. "माउली" म्हणायचे.

हे सांगताना आजी दर वेळी लाजायची, ऐंशीच्या पुढं गेली तरी. "चारचौघांत नवऱ्यानं पाया पडायचं म्हणजे काय! मी आपली म्हणायचे, व्हा पुढं, मागं माणसं आहेत."

ती निवृत्त झाली आणि दोघांनी मिळून वारीला जायचं ठरलं. त्याच वर्षी आजोबांना अर्धांगवायूचा झटका आला. सहा वर्षं ते अंथरुणावर होते. दर दोन तासांनी ती त्यांची कूस बदलायची, रात्रीसुद्धा, उशाशी गजराचं घड्याळ लावून. चादरीला सुरकुती पडू द्यायची नाही. मी सुट्टीत तिच्याकडे असायचे. गजर वाजला की झोपेतच उठून उशी धरायचं काम माझं. सहा वर्षांत त्यांच्या पाठीला एक जखम झाली नाही. आषाढ लागला की ती संध्याकाळी त्यांचे पाय कोमट पाण्यानं धुवायची, तेल लावायची, हरिपाठ म्हणायची. आजोबांची वाचा गेली होती. ओठ तेवढे हलायचे. काय म्हणतात ते विचारायची गरज नव्हती.

जेजुरी झाली, वाल्हे झालं, नीरा स्नान झालं. लोणंदला समाज आरतीच्या, म्हणजे मुक्कामी पोचल्यावर सगळ्या दिंड्या मिळून करतात त्या आरतीच्या वेळी चोपदारांनी दंड उंचावला आणि एवढ्या अफाट गर्दीचा गलबला क्षणात थांबला. मग हरवल्या-सापडल्याचा पुकारा सुरू झाला. चष्मा, टाळाची एक वाटी, कुणाची औषधांची पिशवी. मी डोळे मिटून आजीचा तंबू नेमका कुठं असेल याचा अंदाज घेत राहिले.

दिंडीच्या तंबूत परतले तर मावशी दोन म्हाताऱ्यांना घेऊन माझ्या पथारीपाशी बसलेल्या. "हिच्याकडं डबी हाय," त्यांना सांगत होत्या. मी पाणी तापत ठेवलं. दोनाच्या पाच झाल्या, मग शेजारच्या दिंडीतले एक बाबाही आले. भेगा पडलेली टाच, करंगळीशी फुटलेला फोड, चिखल्यांनी पांढऱ्या पडलेल्या बेचक्या. मी एकेक पाय मांडीवर घेत होते आणि आजीच्या क्रमानं सगळं करत होते. साबण, सुई, कापूस, गॉज.

बाबांची पट्टी बांधून झाली. ते उठले आणि मला काही कळायच्या आत वाकले.

"माउली," म्हणाले.

"व्हा पुढं, बाबा," मी म्हटलं, "मागं माणसं आहेत."