हेल्गोलँड : रोज सकाळी एक बादली समुद्र

जर्मनीतल्या कुक्सहाफेन बंदरातून जहाजाने दोन-अडीच तासांत उत्तर समुद्रातलं हेल्गोलँड बेट येतं. बरोबरचे बहुतेक जर्मन प्रवासी बिनकराची दारू आणि सिगारेटी घ्यायला आलेले. बेट एवढंसं, तांबड्या खडकाचं. कड्यांवर समुद्रपक्ष्यांचा असा कालवा की शेजारच्याचं बोलणं ऐकू येऊ नये. मला मात्र बादली बघायची होती.

मूळ बेट आणि समोरचं डुने नावाचं वाळूचं बेट यांच्यामधल्या पाण्यातून १९६२ पासून कामाच्या प्रत्येक दिवशी पाण्याचा नमुना घेतला जातो. तिथल्या संशोधन केंद्रात काम करणाऱ्या मैत्रिणीमुळे मला बोटीवर जागा मिळाली. एप्रिलचा वारा कान कापत होता. दोरीला बांधलेली बादली पाण्यात गेली, भरून वर आली. लगेच तापमान घेतलं. मग पांढरी तबकडी दोरीने खाली सोडली. ती दिसेनाशी झाली की दोरी मोजायची, म्हणजे पाणी किती गढूळ ते कळतं. झालं! इतकं साधं काम बघायला एवढ्या लांब आलीस, असं मैत्रीण हसून म्हणाली.

खरी गंमत प्रयोगशाळेत. नमुन्यातलं नायट्रेट, फॉस्फेट, सिलिकेट मोजतात. आयोडीन घालून टिकवलेले प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, सूक्ष्मदर्शकाखाली एकेक ओळखून मोजतात. मी डोळा लावला तर काचेच्या डब्यांसारखे डायटम, काही साखळीने जोडलेले. डायटम म्हणजे सिलिकेटपासून कवच बनवणारी एकपेशीय शैवालं. आपल्याकडे अरबी समुद्रात पावसाळ्यात खालचं पाणी वर येतं आणि त्याबरोबर पोषकद्रव्यं. इथे हिवाळ्यातल्या वादळांनी ती आधीच घुसळून वर आणलेली असतात, अडतं ते उजेडावाचून. मार्च-एप्रिलमध्ये ऊन वाढलं की डायटम भराभर वाढत सुटतात ते सिलिकेट संपेपर्यंत.

साठ वर्षांच्या आकड्यांतून काय दिसतं? पाणी दीड अंशाहून जास्त तापलंय. एल्बे नदीतून येणारं फॉस्फेट ऐंशीच्या दशकानंतर घटलं, कारण सांडपाण्यावर प्रक्रिया सुरू झाली आणि कपडे धुण्याच्या पावडरीतलं फॉस्फेट कमी झालं. शेतातून येणारं नायट्रेट मात्र तितक्या लवकर हटेना. मला सगळ्यात चकवणारी गोष्ट वेगळीच वाटली. पाणी तापलं तर वसंतातला डायटमचा बहर लवकर यावा ना? २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उलटंच दिसलं: शरद ऋतू उबदार गेला की बहर उशिरा येतो. डायटम खाणारे प्राणिप्लवक थंडी कमी पडल्याने हिवाळ्यातही चरत राहतात, असं त्याचं एक स्पष्टीकरण. महिन्यातून एकदा नमुना घेतला असता तर हे दिवसांचं मागेपुढे होणं हाती लागलं नसतं.

अशा रोजच्या कंटाळवाण्या कामाला पैसे मिळवणं कुठेही अवघडच, कारण उद्याच्या बादलीत नवीन काय मिळणार हे कुणालाच सांगता येत नाही.

जाणार असाल तर एक रात्र मुक्काम कराच. सकाळच्या जहाजाने येऊन संध्याकाळी परतणाऱ्यांना पक्षी आणि दुकानं दिसतात. ते धक्क्याला लागेपर्यंत बादलीचं काम आटोपलेलं असतं.