विनिमय दराची अस्थिरता आणि आयात: प्रबंध करतानाचा माझा अनुभव

एमएच्या प्रबंधाला मी हा विषय घेतला तेव्हा गाइड मॅडमनी पहिलंच काम काय लावलं, तर चलन घसरणं आणि चलन अस्थिर असणं हे दोन्ही वेगळं करून लिहून आण. घसरलं की आयात महागते, ते सरळ आहे. अस्थिरतेत भानगड अशी की माल आज बुक केला, पैसे तीन महिन्यांनी द्यायचेत आणि तेव्हा डॉलर कितीला पडेल हे आयातदाराला माहीतच नाही, मग तो एकतर कमी मागवतो नाहीतर विक्रीची किंमत लावतानाच धोक्याचे पैसे आत धरतो. फॉरवर्ड कव्हर (म्हणजे पुढच्या तारखेचा डॉलरचा दर आजच बँकेशी ठरवून ठेवणं) घ्या म्हणणं सोपंय हो, पण बऱ्याच विकसनशील देशांत तो बाजार उथळ, कव्हर मिळालंच तर कमी मुदतीचं आणि महाग, आणि छोट्या आयातदाराला विचारतो कोण.

अस्थिरता मोजायची कशी ते त्यामानानं लवकर उरकलं. महिन्याच्या दरातल्या लॉग फरकाचं (म्हणजे साधारण टक्केवारीतल्या बदलाचं) स्टँडर्ड डेव्हिएशन काढलं आणि सोबत अस्थिरता काळाप्रमाणे कशी कमीजास्त होते ते मोजणारं गार्च मॉडेल चालवलं (अर्थतज्ज्ञ एंगलनं 1982 मध्ये आर्च आणलं, बोलरस्लेव्हनं 1986 मध्ये ते वाढवलं, तेच). पण दर कुठल्या चलनाशी धरायचा ह्यावर बरेच दिवस गेले. पुस्तकी पद्धत म्हणजे ज्या देशाकडून माल येतो त्याच्या चलनाशी, आणि प्रत्यक्षात माल अमेरिकेतून येत नसला तरी बिल बहुतेक वेळा डॉलरमध्येच असतं. मी डॉलरच धरला, आजही मला तेच बरोबर वाटतं.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं श्रीलंकेच्या डेटानं. 2021 च्या शेवटच्या महिन्यांत तिथला अधिकृत दर डॉलरला 200 रुपयांच्या आसपास दाबून ठेवलेला, म्हणजे मॉडेलच्या हिशोबानं अस्थिरता जवळजवळ शून्य, सगळं शांत. आणि नेमकं तेव्हाच परकीय चलनाची गंगाजळी आटत चाललेली, एलसीसाठी (आयातीच्या पैशांची बँकेनं दिलेली हमी) बँकांकडे डॉलर नाहीत, कंटेनर बंदरात अडकलेले. मार्च 2022 मध्ये दर बाजारावर सोडला, एप्रिलमध्ये परदेशी कर्जफेड थांबली, मेपर्यंत डॉलर 350 च्या पुढे. मग मॉडेल आयातीतली सगळी घट अस्थिरतेच्या नावावर टाकून मोकळं. शिवाय गाड्यांची आयात 2020 पासूनच बंद केलेली होती, तीही त्यातच! त्यामुळे गंगाजळी किती महिन्यांच्या आयातीला पुरेल हा आकडा वेगळा व्हेरिएबल म्हणून घातला, निर्बंधांसाठी डमी (निर्बंध असले तर 1, नसले तर 0) लावला, तेव्हा कुठे अस्थिरतेचा कोएफिशियंट, म्हणजे तिच्या परिणामाचा आकडा, बराच लहान झाला आणि मला हायसं वाटलं, कारण आधीचा आकडा बघून कुणीही हसलं असतं.

दुसरं म्हणजे एकूण आयात एका गठ्ठ्यात घेऊन काही कळत नाही. डॉलरमधलं मूल्य घेतलं तर नुसते तेलाचे भाव चढले तरी आयात वाढलेली दिसते, म्हणून व्हॉल्यूमवर, म्हणजे माल किती आला त्यावर, जावं लागलं आणि मग मालाप्रमाणे वेगवेगळं केलं. कच्चं तेल, औषधं, खत हे दर कितीही नाचला तरी आणावंच लागतं, निदान डॉलर असेपर्यंत. जे कारखाने स्वतः निर्यात करतात त्यांचे डॉलर येतही असतात, त्यांना तेवढी झळ नाही. मार बसतो तो मशिनरीला, कारण तिची ऑर्डर मोठी, पैसे टप्प्याटप्प्यानं द्यायचे आणि पुढे ढकलली तर लगेच कुणाचं काही अडत नाही, दोन-तीन वर्षांनी उत्पादनात काय ते दिसतं.

व्हायवाला बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, मग परिणाम नक्की किती, एक आकडा सांगा. मी म्हटलं सर, तेल आणि मशिनरी मिळून एक आकडा दिला तर तो दोघांनाही लागू पडणार नाही. ते म्हणाले बरं, मशिनरीचा तक्ता काढा, आणि उरलेला सगळा वेळ त्या एका तक्त्यावरच गेला.