निधन झाल्याचं कळलं

काल रात्री अडीचपर्यंत टक्क जागी होते. कारण सांगायचीही लाज वाटते. आईला ‘रेंट’ या अमेरिकन संगीत नाटकाची गोष्ट सांगताना एका वाक्यात अडखळले, बस, एवढंच.

ते रेकॉर्डिंग लावलं होतं, ब्रॉडवेवरचा सप्टेंबर २००८ मधला शेवटचा प्रयोग शूट केलाय ना, ते. आई समोर मेथी निवडत बसलेली. गाणी तिला कळत नव्हती, पण मधेच मान वर करून हा कोण, हिचं काय, चालू होतं. मग आली एंजल. लाल सांताचा कोट, पट्ट्यापट्ट्यांचे झेब्रा टाइट्स, काळा बॉबकटचा विग, हातात ढोलाच्या काड्या, आणि पायात पाय न अडकता टेबलावर उडी. आईने नीट बघून घेतलं आणि म्हणाली, “मुलगाय ना गं हा?” म्हटलं ती एंजल आहे, लोणच्याच्या रिकाम्या प्लास्टिकच्या बादलीवर वाजवून रस्त्यावर पैसे मिळवते. “बरं,” म्हणाली, पण पुढे सगळा वेळ ‘तो’च. त्यात ती कुत्र्याची भानगड. एका श्रीमंत बाईने एंजलला हजार डॉलर दिले, कारण शेजारचा कुत्रा सतत भुंकतो, वाजवून वाजवून गप्प कर त्याला, आणि कुत्र्याने वैतागून तेविसाव्या मजल्यावरून उडी घेतली. हे ऐकल्यावर आईच्या मनातून एंजल साफ उतरली. “मुक्या जनावराला मारलंन त्याने? आणि वर नाचतोय?”

हॉटेलात सगळे दंगा करताहेत आणि मधेच बीपर वाजतात, चौघं एझेडटीची, म्हणजे एचआयव्हीवरची गोळी घेतात, त्यात एंजल आणि तिचा प्रियकर कॉलिन्स पण, तेव्हा आई उठून स्वतःची बीपीची गोळी घेऊन आली. बरं झालं आठवण झाली म्हणे.

आणि मग दुसरा अंक. एंजल दिसेना तेव्हा आईने विचारलं, काय झालं गं त्याचं? आणि माझ्या तोंडून निघालं, तो गेला. म्हणजे गेली. ती गेली.

आई म्हणाली, “गेली का बिचारी.”

आता यात जागं राहण्यासारखं काय आहे, पण मला तेच टोचत राहिलं. जिवंत असताना तो, आणि मेल्यावर ती. म्हणजे मरून दाखवलं की मग आपण देणार का? नाटकात पण तिचा मित्र मार्क अंत्यविधीच्या वेळी एंजलची आठवण सांगताना आधी ‘तो’ म्हणतो, थांबतो, आणि ‘ती’ करतो. त्याला इंग्रजीत बरंय, एक सर्वनाम बदललं की सुटला. आपल्याकडे गेला, गेली, चांगला, चांगली, माझा, माझी, प्रत्येक शब्द उभा राहून विचारतो, बोल, कोण होतं? अर्थात पूर्ण सुटका तिकडेही नाही, ब्रॉडवेवर एंजल पहिल्यांदा केली त्या विल्सन हेरेडियाला १९९६ चं टोनी, म्हणजे तिकडचं नाटकांचं मोठं बक्षीस, मिळालं ते सहाय्यक अभिनेता म्हणूनच.

आणि मराठीत पळवाट नाही असं मी म्हणूच नये, कारण मी ती वापरलेली आहे. सुमीच्या वेळी ग्रुपवर मीच टाकलं होतं. रात्री शोधून काढला तो मेसेज. “आज सकाळी निधन झाल्याचं कळलं. फार वाईट वाटलं.” बघा, कुठेच काही नाही. ना गेला, ना गेली, ना नाव. त्याखाली सगळ्यांचे जोडलेले हात. तिच्या घरच्यांनी पेपरात जुनं नाव आणि मिशीवाला फोटो छापला म्हणून मी केवढी चिडले होते, आणि स्वतः काय केलं, तर वाक्यातून माणूसच काढून टाकलं. घरच्यांनी निदान चुकीचं का होईना, काहीतरी लिहिलं तरी.

सुमी असती तर म्हणाली असती, व्याकरणात पहिला नंबर हिचा.

‘रेंट’ लिहिणाऱ्या जोनाथन लार्सनबद्दल मला कित्येक वर्षं वाटायचं की तोही एड्सनेच गेला असणार. तसं नव्हतं. छातीत दुखतंय म्हणून त्या आठवड्यात दोन हॉस्पिटलांत जाऊन आला, दोन्हीकडून घरी पाठवलं, आणि २५ जानेवारी १९९६ ला पहाटे महाधमनी फाटून गेला, ३५ वर्षांचा, पहिला प्रिव्ह्यू त्याच दिवशी होता. पण असं नाटक लिहिलंय म्हटल्यावर आपण आपलं ठरवून टाकतो. सुमीबद्दलही सगळ्यांनी न विचारता ठरवलंच होतं. असो.

माझं हे असं तोंड पडलेलं असताना आईचा पुढचा प्रश्न, “खर्च कुणी केला?” कसला खर्च? “अगं, क्रियाकर्माचा. त्या कॉलिन्सकडे तर कोट पण नव्हता.” आणि खरंच नाटकात तेच आहे! कॉलिन्सकडे पैसे नाहीत, पाद्री यांना हाकलतोय, आणि शेवटी पैसे भरतो बेनी, ज्याची भाड्यासाठी कटकट चाललेली असते तोच. कॉलिन्स त्याला सांगतो, तुझा कुत्रा ज्याच्यामुळे मेला त्याचाच खर्च केलास तू. आणि बेनी म्हणतो माहितीये, मला तो कुत्रा कधी आवडलाच नव्हता. आई इतकी हसली की मेथीचं ताट कलंडलं. मग मलाही हसू आलं, काय करणार.

शेवटी मिमी, त्यांच्यातलीच एक मैत्रीण, मरता मरता उठते आणि सांगते, एंजल भेटली, तिने मागे पाठवलं. आई म्हणाली, “हिला परत आणलं, मग त्याला का नाही आणलं?” परत त्याला. मी काही बोलले नाही.

आज सकाळी डब्यात मेथीचे पराठे. चपला घालत होते तर आतून आवाज आला, “अगं, ती काल कुत्रं मारणारी, नाव काय गं तिचं?”

म्हटलं, एंजल.