नगावर मोजलेलं विद्यावेतन

2022 च्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या आयटीआयमधून टर्नर ट्रेड (लेथ मशिनवर धातूचे भाग घडवण्याचं काम) पास झालेला एक मुलगा पासबुक घेऊन वर्कशॉपमध्ये आला. चाकण भागातल्या एका कारखान्यात त्याची अप्रेंटिसशिप चालू होती. "सर, हे बघा." एका महिन्यात 5,310 जमा, पुढच्या महिन्यात 4,860. करारात मात्र विद्यावेतन 7,000. सुपरवायझरला विचारलं तर म्हणे, हिशोब नगावर आहे, रिजेक्ट निघालेले नग तुमच्या माथी.

मी त्याची जॉब डायरी, म्हणजे रोजच्या कामाची नोंदवही, मागवली. पान उलटलं की तीच ओळ: बुश (धातूची छोटी नळी), फेसिंग (टोक सपाट करणं), बोअरिंग (भोक मोठं करणं). थ्रेडिंग (आटे पाडणं) नाही, टेपर टर्निंग (निमुळता आकार देणं) नाही, ड्रॉइंग वाचणं तर दूरच. त्याचा हात चालतो म्हणून त्याला एकाच लेथवर जुंपलं होतं. आणि दुसऱ्या मशिनवर गेलं की नग कमी, म्हणजे पैसे कमी. त्यामुळे पोरगंही तिथून हलायला तयार नव्हतं. पैसे कापले त्याहून मला याचा संताप जास्त आला. त्याचं शिकायचं वर्ष बुश काढण्यात चाललं होतं.

शिकाऊ उमेदवारी कायदा 1961 चा आहे. त्यातल्या कलम 18 प्रमाणे अप्रेंटिस हा कामगार नाही, आणि हे कलम मालक मंडळींना तोंडपाठ असतं, कारण त्यामुळे पीएफ भरावा लागत नाही. त्याच कायद्याचं कलम 13 मात्र कुणाला आठवत नाही. नेमून दिलेल्यापेक्षा कमी विद्यावेतन देता येत नाही आणि नगावर तर मुळीच देता येत नाही, असं ते स्वच्छ सांगतं. 2019 च्या नियमांनुसार तेव्हा आयटीआय पास उमेदवाराला किमान 7,000, तेही पुढच्या महिन्याच्या दहा तारखेच्या आत.

तक्रार शिकाऊ उमेदवारी सल्लागारांच्या, म्हणजे या कायद्यावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यांच्या, कार्यालयात दिली. बरोबरीच्या दोन पोरांनी सही केली नाही. कंपनीवाले अप्रेंटिसशिपच्या शेवटच्या परीक्षेला बसू देणार नाहीत, ही भीती. त्यांना मी आग्रह केला नाही. घरी काय परिस्थिती आहे ते मला माहीत होतं.

तपासणीला अधिकाऱ्यांबरोबर मीही गेलो. मॅनेजर म्हणाले, "साहेब, आम्ही फुकट शिकवतोय. एवढ्यात बाहेर हेल्पर मिळतो." अधिकाऱ्यांनी वाद घातला नाही. त्यांनी विद्यावेतनाचं रजिस्टर मागितलं आणि केंद्राच्या प्रोत्साहन योजनेखाली कंपनीने केलेले दावे पोर्टलवर उघडले. त्या योजनेत तेव्हा दर उमेदवारामागे महिन्याला 1,500 रुपयांपर्यंत रक्कम मालकाला परत मिळायची. दाव्यांमध्ये प्रत्येक पोराला 7,000 दिल्याची नोंद होती. त्यांनी पासबुक शेजारी ठेवलं आणि बोट दोन्ही आकड्यांवर फिरवलं. मॅनेजरनी अकाउंट्सच्या माणसाला बोलावून घेतलं. त्यानंतर हेल्परचा विषय निघाला नाही.

फरकाची रक्कम सगळ्यांच्या खात्यात जमा झाली. सही न केलेल्या दोघांनाही मिळाली, कारण रजिस्टर सगळ्यांचं एकच होतं. त्या मुलाला थ्रेडिंगवर घ्यायला मात्र त्यांनी बरेच दिवस लावले. त्यासाठी मला पुन्हा फोन करावा लागला.